चारशें अंश

आमच्या घरीं दर रविवारीं सकाळीं येऊन बसणारे एक वृद्ध स्नेही आहेत. त्यांची सारी हयात वकिलींत गेली. आम्ही नोकरींतून मोकळे झाल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनीं एकदां ते चहाचा पेला खालीं ठेवतात आणि आम्हांस विचारतात, "तुम्ही त्या प्रयोगशाळेंत इतकीं वर्षें केलेंत तरी काय?" आरंभीं आम्ही त्यांस सविस्तर उत्तर देत असूं. चुंबकत्व, पातळ पापुद्रे, पुंजविज्ञान असा सर्व पाढा वाचून होईपर्यंत चहा निवून जाई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रतिपक्षाच्या साक्षीदाराचें म्हणणें ऐकतांना असावा तसा सौम्य अविश्वास दिसूं लागे. अलीकडे आम्हीं तें उत्तर एका शब्दावर आणलें आहे. "भाजलें," असें आम्ही सांगतों. त्यावर आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून म्हणतें, "घरांत एक पापड कधीं भाजला नाहीं." तेंही खरेंच आहे.

परंतु हें उत्तर केवळ थट्टेचें नव्हे. आमच्या नोकरीचीं शेवटचीं दहा वर्षें ज्या प्रश्नापायीं गेलीं तो प्रश्न इतकाच होता कीं, मनुष्याच्या केसाच्या जाडीचा सुमारें साठ हजारावा हिस्सा एवढा पातळ असा लोहमिश्रित धातूचा थर किती आंच सोसूं शकतो. ऐकणारास हा प्रश्न क्षुल्लक वाटावा हें स्वाभाविक आहे. आम्हांसही तो कित्येक रात्रीं क्षुल्लक वाटला आहे. तरी त्यापायीं आमच्या हातून एकदां जें घडतां घडतां राहिलें तें सांगावें, म्हणून हा लेख लिहावयास घेतला. आणि तें समजावयाचें तर आधीं या थराची ओळख करून देणें भाग आहे. वाचकांनीं थोडा धीर धरावा.

गणकयंत्रास स्मरण ठेवावयाचें म्हणजे कोठें तरी "होय" किंवा "नाहीं" अशी खूण करून ठेवावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या टिफ्रॅक या यंत्रांत ही खूण फेराइटच्या बारीक कड्यांत केलेली असे. कडें एका दिशेनें चुंबकित केलें कीं "होय", उलट दिशेनें केलें कीं "नाहीं". वीज गेली तरी कडें आपली दिशा सोडीत नसे. पुढें सिलिकॉनच्या स्मृति आल्या. त्या स्वस्त, चपळ आणि अत्यंत लहान. पण त्यांतील जी सर्वांत प्रचलित जात, ती भोंक पडलेल्या घागरीसारखी आहे. तिच्यांतील विद्युद्भार सारखा गळत असतो, म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत तो पुनः पुनः भरावा लागतो. वीज गेली कीं घागर रिकामी. आपल्या खिशांतील टेलिफोनापासून मोठमोठ्या गणनागृहांपर्यंत हा पाणी भरण्याचा उद्योग अहोरात्र चाललेला असतो. तेव्हां पुनः चुंबकाकडे वळावें, मात्र तो कड्याच्या मापाचा न घेतां अणूंच्या मापाचा घ्यावा, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनांत येणें साहजिक होतें.

या नव्या चुंबकी स्मृतीची रचना अशी. दोन चुंबकी थरांच्या मध्यें वीज न वाहूं देणाऱ्या पदार्थाचा एक थर घालावयाचा. तो मात्र इतका पातळ कीं, पुंजविज्ञानाच्या नियमांप्रमाणें इलेक्ट्रॉन त्यांतून बोगदा खणल्यासारखे पलीकडे जावेत. म्हणून या सांध्यास टनेल जंक्शन म्हणतात. दोन्ही चुंबकांचीं तोंडें एकाच दिशेस असलीं कीं विजेस रोध कमी होतो, विरुद्ध असलीं कीं वाढतो. रोध मोजला कीं खूण वाचतां आली. हा परिणाम फ्रान्समधील रेन येथें ज्युलिएर यांनीं १९७५ सालीं लोखंड, जर्मेनियम व कोबाल्ट यांच्या थरांत पाहिला, पण तो द्रवरूप हेलियमच्या थंडींत. नेहमींच्या उष्णमानास तो ठळकपणें दिसावयास १९९५ साल उजाडलें. त्या वर्षीं जपानांत सेंदाई येथें मियाझाकी व तेझुका यांनीं, आणि अमेरिकेंत एम्. आय्. टी. मध्यें जगदीश मूडेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो दाखविला. मूडेरा हे मद्रासच्या आय्. आय्. टी. चे विद्यार्थी, ही गोष्ट आमच्या पिढीच्या संशोधकांस त्या वेळीं फार सुखावून गेली होती. मधला थर तेव्हां ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा असे. २००४ सालीं जपानांतील युआसा आणि अमेरिकेंतील पार्किन यांनीं स्वतंत्रपणें मॅग्नेशियम ऑक्साइड वापरून तो परिणाम कितीतरी पटींनीं वाढविला. पोलादाच्या भट्ट्यांना आंतून ज्या मॅग्नेशियाच्या विटा लावतात, तोच हा पदार्थ.

आतां थराचें चुंबकत्व कोणत्या दिशेनें असावें? पातळ थराचें चुंबकत्व, त्यास मोकळें सोडलें तर, चटईवर निजलेल्या माणसाप्रमाणें आडवें पडून राहतें; उभें राहण्यास त्याला कांहीं तरी आधार लागतो. आडव्या चुंबकाची खूण लहान लहान करीत गेलें कीं ती अस्थिर होते, आणि तिच्या मानानें ती उलटविण्यास वीजही जास्त लागते. म्हणून उभें चुंबकत्व हवें. ऑक्साइडच्या सीमेवर असें चुंबकत्व उभें राहूं शकतें, हें फ्रान्समधील ग्रनोबल येथें २००२ सालीं दिसलें होतें. पण त्याचा उपयोगी रस्ता २०१० सालीं सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठांतील इकेदा, ओनो व त्यांच्या मंडळींनीं दाखविला, आणि तो इतका साधा निघाला कीं, तो निबंध वाचून आम्हीं कपाळावर हात मारून घेतला. कोबाल्ट, लोखंड व बोरॉन यांचा जो मिश्रधातु आम्ही सारे वर्षानुवर्षें आडवा वापरीत होतों, तोच १.३ नॅनोमीटर, म्हणजे आठ-नऊ अणूंच्या थप्पीइतका, पातळ करून मॅग्नेशियम ऑक्साइडला चिकटविला कीं त्याचें चुंबकत्व उठून उभें राहतें. ही उभारी धातूच्या पोटांतून येत नाहीं. लोखंडाचे अणु आणि ऑक्सिजनचे अणु जेथें एकमेकांस भेटतात त्या सीमेवरून येते. थर जाड झाला कीं सीमेचें कांहीं चालत नाहीं. त्या मंडळींनीं ४० नॅनोमीटर व्यासाचें जंक्शन करून दाखविलें आणि तें उलटविण्यास ४९ मायक्रोअँपिअर वीज पुरली.

येथें उष्णता आड येते, आणि ती दोन तऱ्हांनीं येते. दोहोंनाही "उष्णतास्थैर्य" हा एकच शब्द लावीत असल्यामुळें नव्या विद्यार्थ्यांचा हमखास घोटाळा होतो.

पहिली उष्णता आपल्या भोंवतालचीच. आपण ज्या खोलींत बसतों तेथील उष्णमानासही प्रत्येक अणु थरथरत असतो. या थरथरीचे धक्के चुंबकाला सारखे बसत असतात. लाखांत, कोटींत एखादा धक्का इतका मोठा असतो कीं, चुंबक उलटून पडतो आणि खूण पुसली जाते. याचा हिशेब लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९४९ सालीं मांडला. त्या वेळीं त्यांच्यासमोर गणकयंत्र नव्हतें. त्यांच्या निबंधाच्या मथळ्यांतच भाजलेल्या मातीचा उल्लेख आहे! विटेंत, खापरांत लोहाचे बारीक कण असतात. मॅग्नेटाइट घेतलें तर तें ५८० अंशांवर आपलें चुंबकत्व गमावतें, आणि निवतांना त्या क्षणीं पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा असेल ती पुनः धारण करतें. पुरतें निवल्यावर ती दिशा शेंकडों, हजारों वर्षें तशीच राहते. जुन्या चुलखंडांचा काळ ठरविण्यास पुरातत्त्ववेत्ते याचाच उपयोग करतात.

हा निबंध आम्हीं प्रथम वाचला तेव्हां आमच्या लहानपणचा कुंभारवाडा डोळ्यांपुढें उभा राहिला. आमच्या परसापलीकडेच आवा पेटत असे. गोवऱ्या, पाचट आणि मडकीं यांची रास, तिच्यावर राखेचें पांघरूण, आणि रात्रभर भिंतीपलीकडून येणारा तो उग्र, गोडसर धूर. सकाळीं आवा उकलला कीं म्हातारा कुंभार एकेक मडकें उचलून बोटाच्या पेरानें वाजवी. खणखणलें तर उजवीकडे, बद्द वाजलें तर डावीकडे. कांहीं मडकीं जास्त आंचेनें वांकडीं होऊन खंगर झालेलीं असत. तीं तो न वाजवितांच बाजूस टाकी. त्या खणखणीत मडक्यांच्या पोटांत आमच्या गांवचें त्या रात्रीचें उत्तर-दक्षिण कायमचें लिहिलें जात होतें, हें ना त्या म्हाताऱ्यास ठाऊक होतें ना आम्हांस.

नेएल यांचा हिशेब वाचकांस आंकड्यांत दाखविण्याचा मोह आवरत नाहीं. चुंबक उलटण्यास जी शक्तीची टेकडी ओलांडावी लागते तिची उंची उष्णतेच्या धक्क्याच्या किती पट आहे, हें एक गुणोत्तर घ्यावयाचें. धक्के अब्जांश सेकंदाला एक या गतीनें बसतात असें धरलें, तर गुणोत्तर २० असल्यास खूण सरासरी अर्धा सेकंद टिकते. ३० असल्यास तीन तास. ४० असल्यास साडेसात वर्षें. ६० असल्यास साडेतीन अब्ज वर्षें! ४० पुरे झालें असें कोणास वाटेल. पण स्मृतींत एक चुंबक नसतो. एक कोटि चुंबक असतील तर ४० च्या हिशेबानें दर अर्ध्या मिनिटाच्या आंत त्यांतला एक कोठें तरी उलटलेला असेल. म्हणून साठाच्या वर जावें लागतें. शिवाय टेकडीची उंची चुंबकाच्या आकारमानावर अवलंबून असल्यामुळें खूण जितकी लहान करावी तितकी टेकडी खचत जाते, आणि टेकडी मुद्दाम उंच करावी तर लिहितांना आपल्यालाही तीच चढावी लागते. लोहमिश्रित थराच्या दोन्ही अंगांस मॅग्नेशियम ऑक्साइड लावून सीमा दुप्पट करण्याची युक्ति सेंदाईच्या मंडळींनीं २०१२ सालीं काढली आणि गुणोत्तर जवळजवळ दुप्पट केलें. २०१८ सालीं सेंदाई व ग्रनोबल या दोन्ही ठिकाणीं थराऐवजीं रुंदीपेक्षां उंच असा खांबच उभा केला. मग जो आकार आजवर चुंबकत्वास आडवें पाडीत होता, तोच त्यास उभें धरूं लागला.

दुसरी उष्णता भट्टीची; आमचें आयुष्य हिच्यांत गेलें. हे थर आर्गॉन वायूच्या माऱ्यानें धातूचे अणु उडवून सिलिकॉनच्या चकतीवर बसवितात. बसल्याबरोबर लोहमिश्रित थर कच्च्या मडक्यासारखा असतो. बोरॉनमुळें त्याच्या अणूंची मांडणी अस्ताव्यस्त राहिलेली असते. त्यास निर्वात भट्टींत भाजलें कीं बोरॉन हळूहळू बाहेर पडतो, आणि लोखंड व कोबाल्ट यांचे अणु शेजारच्या मॅग्नेशियम ऑक्साइडची शिस्त पाहून रांगेंत उभे राहतात. भाजल्याशिवाय गुण नाहीं. त्या थराच्या दुसऱ्या अंगास टँटलम नांवाच्या धातूचा थर घालण्याची चाल होती, कारण तो निघालेला बोरॉन शोषून घेतो. पण आंच वाढली कीं हा गुणी शेजारी स्वतःच घरांत शिरतो. टँटलमचे अणु लोखंडांतून पाझरत थेट सीमेपर्यंत येतात, आणि जी सीमा सर्व उभारीचा आधार तीच बिघडून जाते. थर आठ-नऊ अणूंचाच असल्यावर पाझरण्यास लांब जावें लागत नाहीं.

मग कमी आंचेवर भाजावें, असें वाचक म्हणतील. आम्हीही म्हटलें असतें. परंतु ही स्मृति गणकचकतीच्या तांब्याच्या तारांच्या मजल्यांमध्यें बसवावयाची असते, आणि ते मजले बांधतांना सारी चकती सुमारें ४०० अंशांपर्यंत तापते. थर ४०० अंश सोसत नसेल तर कारखानदाराच्या दृष्टीनें तो नसल्यासारखाच. म्हणून त्या काळीं या विषयांतील प्रत्येक प्रयोगशाळेच्या फळ्यावर हा एक आंकडा लिहिलेला असे. टँटलमऐवजीं मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन घालून पुष्कळांना यश आलें. यांतली मौज अशी कीं, मॉलिब्डेनम टँटलमपेक्षां कमी उष्णमानावर वितळतो. मग तो अधिक आंच कशी सोसतो? तर सोसण्याचा संबंध वितळण्याशीं नसून ओढीशीं आहे. टँटलमला लोखंडांत मिसळण्याची ओढ मोठी, मॉलिब्डेनमला ती फार थोडी. शेवटीं या सर्व खटाटोपास फळ आलें, आणि २०१९ सालीं कोरियाच्या सॅमसंगनें अशा स्मृति असलेल्या चकत्या पाठविण्यास आरंभ केला.

२०१५ सालीं आमच्या हाताखालीं तीन विद्यार्थी होते. त्यांतील एक मुलगी सोलापूरकडची, अबोल, नोंदवही फार स्वच्छ ठेवणारी. टँटलमच्या जागीं दोन धातूंचा मिळून एक थर घालावा ही कल्पना आमची. थर बसविणें, भाजणें आणि मोजणें हें काम तिचें. मोजण्याची रीत अशी : करंगळीच्या नखाएवढा तुकडा घेऊन त्याच्या पृष्ठाशीं काटकोनांत चुंबकी क्षेत्र वाढवीत न्यावयाचें, मग तें उलट करावयाचें, आणि तुकड्याचें चुंबकत्व कसकसें पालटतें याचा आलेख काढावयाचा. चुंबकत्व खरोखर उभें असेल तर आलेख दाराच्या चौकटीसारखा येतो. तें कलंडलें असेल तर चौकट मोडून नुसती तिरपी रेघ उरते. आषाढांतल्या एका संध्याकाळीं ४०० अंशांवर तासभर भाजलेल्या तुकड्याचा आलेख निघाला, तो काटकोन्यानें आखल्यासारखा. आम्हीं तो कागद तीन वेळां उजेडाकडे धरून पाहिला. दुसऱ्या दिवशीं सर्व प्रयोगशाळेस जिलेबी वांटली.

निबंध तीन आठवड्यांत लिहून झाला व एका परदेशी मासिकाकडे गेला. परीक्षकांचीं मतें अनुकूल आलीं. त्यांतील एकानें शेवटीं बारीकसा प्रश्न विचारला होता : नमुन्याचें उष्णमान कोठें मोजलें? आम्ही उत्तर सांगत होतों, ती लिहून घेत होती. "थर्मोकपलनें मोजलें," असें आम्हीं सांगितलें. ती लिहितां लिहितां थांबली.

"सर, थर्मोकपल नमुन्याला टेकलेलें नाहीं. तें तापविणाऱ्या तारेजवळ आहे, नळीच्या भिंतीला."

"बारा वर्षें तें तेथेंच आहे," आम्ही म्हणालों.

हें उत्तर नव्हे, हें आम्हांस बोलतांनाच कळलें होतें. उघड्या भट्टींत हवा फिरते आणि उष्णता सगळीकडे थोडीबहुत सारखी होते. निर्वातांत हवाच नसते; भिंतीकडून जेवढी आंच नुसत्या प्रारणानें येईल तेवढीच नमुन्याची. भिंत आणि नमुना यांचें उष्णमान एक असेलच असें कांहीं नाहीं. हें आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत असूं. तरी आम्हीं तें वाक्य तसेंच लिहावयास लावलें, आणि पुढच्या कामास लागलों.

दिवाळींत प्रयोगशाळा आठ दिवस बंद. ती गांवीं गेली असेल असें आम्ही समजून चाललों होतों. सुटी संपल्यावर सकाळीं ती आमच्या खोलींत आली आणि टेबलावर एक आगपेटी ठेवली. आंत बारीक बारीक मणी होते, आणि दोन-तीन तारेचे तुकडे. शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळतें आणि शिसें ३२७ अंशांवर. यांत निसर्ग कोणाची भीडमुर्वत ठेवीत नाहीं. तिनें या धातूंच्या तारेचे तुकडे क्वार्ट्झच्या बारीक नळींत घालून ती नळी नमुन्याच्या जागीं ठेवली, आणि रोज एक याप्रमाणें आठ दिवस भट्टी निरनिराळ्या आंकड्यांवर लावून पाहिली. तुकडा तारेसारखाच निघाला तर वितळला नाहीं. मणी झाला तर वितळला. जस्त ४१९ अंशांवर वितळतें, त्यानें तर ४०० च्या अगदीं जवळ जातां आलें असतें. पण निर्वातांत जस्ताची वाफ होऊन सारी भट्टी खराब होईल म्हणून तिनें तें घेतलें नव्हतें. एवढ्या धांदलींतही हें तिला सुचलें, याचें आम्हांस आजही कौतुक वाटतें.

"शिसें मीटरवर ३५० होईपर्यंत अख्खें होतें, सर. ३५५ ला मणी झाला. कथिलाला वीस अंशांचा फरक आहे, शिशाला पंचवीसचा. आपले ४०० म्हणजे ३७३ च्या आसपास असावेत."

आम्हीं भट्टी उघडून थर्मोकपल नमुन्याच्या बैठकीस बांधलें आणि खऱ्या ४०० अंशांवर तीन तुकडे एक तास भाजले. दोघांच्या आलेखाची तिरपी रेघ झाली होती. तिसऱ्याची चौकट उभी होती खरी, पण पावसाळ्यांत फुगून कलंडलेल्या दारासारखी.

येथपर्यंतचें सांगणें सोपें होतें. यापुढचे दोन दिवस सांगणें जड जातें. आमच्या एका सहकाऱ्यांनीं, आणि ते वाईट मनुष्य नव्हेत, आम्हांस सुचविलें कीं, "मीटरवर ४०० होते कीं नाहीं? मग 'भट्टी ४०० अंशांवर ठेवली' एवढेंच लिहा. यांत खोटें एक अक्षर नाहीं. आणि कितीजण नमुन्याला टेकवून मोजतात?" हें म्हणणें आमच्या मनांतून हलेना. निबंध मागें घेतला तर आमच्या अनुदानाचें नूतनीकरण होणार नाहीं, हें जवळजवळ ठरलेलें होतें. मुलीची शिष्यवृत्ति नऊ महिन्यांत संपणार होती, आणि तिच्या प्रबंधाचा मुख्य आधार हाच निबंध. म्हणजे जिनें दोष शोधला तिच्याच गळ्याशीं फांस येणार. आम्हीं स्वतःची समजूत अशी घातली कीं, आपण जें कांहीं करूं तें तिच्यासाठीं करूं. या समजुतीनें दोन रात्री काढल्या. वाचकांस खरें सांगावयाचें तर तिच्याविषयींची ही काळजी आम्हांस त्याच दोन दिवसांत विशेषेंकरून वाटूं लागली होती. एरवीं तिला शिष्यवृत्ति किती मिळते हेंही आम्हांस नीटसें ठाऊक नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं तिला बोलावून विचारलें, "तुला काय वाटतें?" हाही एक पळपुटेपणाच. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, कोणी तरी हा थर घेऊन ४०० वर तापवील. त्याला आपला मीटर दिसणार नाहीं." आणि आलेखांची वही मागें ठेवून निघून गेली. त्याच दुपारीं आम्हीं संपादकांना पत्र लिहून निबंध परत घेतला.

अनुदान गेलें. तिच्या प्रबंधास चौदा महिने अधिक लागले, आणि त्यांतील शेवटचे पांच तिनें शिष्यवृत्तीवांचून, एका खाजगी शिकवणीवर्गांत शिकवून काढले. आमचा थर ३७० अंशांपर्यंत टिकतो, अशा आशयाचा निबंध पुढें एका साध्या मासिकांत छापून आला. त्याची दखल फारशी कोणीं घेतली नाहीं, कारण ३७० चें कोणासच काम नव्हतें. अधिक अवघड काम मागचें होतें. त्याच भट्टींत आम्हीं बारा वर्षें भाजलें होतें आणि आंकडे छापले होते. ते सर्व चाळून पाहिले. ज्यांत पंचवीस अंशांनीं निष्कर्ष बदलत होता असे दोन निबंध निघाले. त्यांच्या दुरुस्त्या पाठविल्या, आणि त्यांवर विसंबलेल्या दोघां संशोधकांस पत्रें लिहिलीं. एकानें उलटटपालीं आभार मानले. दुसऱ्याचें उत्तर आलें नाहीं.

ती मुलगी आतां परदेशांत एका कारखान्यांत याच थरांवर काम करते. मागच्या वर्षीं तिचें पत्र आलें होतें. तिकडे एक तास पुरत नाहीं, तारांचे मजले वाढल्यामुळें थर ४०० अंशांवर कित्येक तास टिकावा लागतो, असें तिनें लिहिलें होतें. आणि खालीं, नमुन्याच्या बैठकींत तीन ठिकाणीं थर्मोकपल बसविलें आहे, असेंही.

गेल्या रविवारीं आमच्या स्नेह्यांनीं पुनः तोच प्रश्न काढला, तेव्हां आम्हीं कपाटांतून ती आगपेटी आणून त्यांच्या पुढें ठेवली आणि ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं चष्मा वर सरकवून शिशाचा मणी तळहातावर घेतला, अंगठ्यानें इकडून तिकडे लोळविला, आणि साक्षीदारास विचारावें तसें विचारलें, "हा ३५५ चा कीं ३५० चा?"

"३५५ चा. ३५० ची ती तार."

त्यांनीं तारेचा तुकडाही उचलून मण्याशेजारीं धरला आणि दोन्ही बराच वेळ पाहत राहिले. चहा निवून गेला होता. आमच्या कुटुंबानें तो न सांगतां पुनः तापवून आणला.